पडल्या की बसल्या

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! सकाळच्या मीटिंगमध्ये तारीखवाल्यांनी तक्रारी वाचून दाखवल्या. आजोबांनी टाळी वाजवली – पट्टा बोंबलला. आजी सोफ्यावर बसल्या – पट्टा बोंबलला. आजींनी डास मारला – तरी बोंबलला! शेवटची तक्रार कुणाच्या तरी मुलीची. "पट्टा काढून कपाटात ठेवलाय, आता घरात शांतता आहे." सगळे हसले. मला नाही आलं हसू. म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर बसायचं आणि ते पडलं की घरच्यांना कळवायचं, एवढं एकच काम त्या पट्ट्याला. तोच कपाटात जाऊन बसला तर आम्ही सगळे ऑफिसात कशाला जातोय?

मॅनेजरला तारीखवाले हे नाव मीच ठेवलंय. तब्येत कशी आहे विचारलं तरी तारीख सांगतील. आज म्हणाले, "एकतीसला नवीन आवृत्ती सगळ्या घरांत गेली पाहिजे. खोटे अलार्म निम्मे. जमेल?" मी जमेल म्हणाले. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागणार आहे कोण जाणे.

घरी आले तर सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) खिडकीत, समोरच्या शिंपीणबाईंशी गप्पा रंगलेल्या. मनगटावर तोच पट्टा. चाचणीसाठी चाळीसेक घरं घेतली आहेत, त्यात आमचंही आहे. "तुझं यंत्र आज गुणी बाळासारखं होतं हो," म्हणाल्या. चला, माझ्या कामाची चौकशी करणारं घरात कुणीतरी आहे! नवरा जहाजावर, इंजिनांच्या गराड्यात. त्याचा मेसेज येतो तो समुद्राच्या मर्जीने.

बुधवार, ५ मार्च

डोकं चालत नाही. चहा तेवढा चालतोय.

गुरुवार, ६ मार्च

सुचलं! भांडी विसळताना सुचलं. तशीच ओल्या हातांनी लॅपटॉपकडे पळाले. आई ओरडल्या, "अगं, नळ!"

गोची अशी होती – आमच्याकडे पडण्याचा जो डेटा आहे तो ऑफिसातल्या पोरांनी गादीवर पडून दिलेला. ती पोरं पडतात कशी? हात पसरून, हिरो गोळी लागल्यावर पडतो तशी. उठून पुन्हा एकमेकांचे व्हिडिओ बघतात. खऱ्या घरांतून येणारा डेटा ढिगाने आहे, पण त्यातलं कोणतं खरं पडणं आणि कोणतं धपकन बसणं, हे सांगायला तिथे कोण उभं होतं?

होतं की! बटण होतं. पट्ट्याला शंका आली की तो थरथरतो आणि विचारतो, पडलात का? हिरवं बटण म्हणजे मी ठीक आहे. लाल म्हणजे मदत हवी. दोन्ही दाबली नाहीत तर घरच्यांच्या फोनवर बोंब. म्हणजे ज्या ज्या वेळी कुणी हिरवं दाबलं, त्या त्या वेळी ते माणूस पडलेलं नव्हतं. त्याने स्वतः सांगितलंय! याहून पक्का साक्षीदार कुठला? एवढी हिरवी बटणं नुसती धूळ खात पडली आहेत. ती सगळी यंत्राला दाखवायची – बघ बाबा, याला पडणं म्हणत नाहीत, याला बसणं म्हणतात.

खुसपटला सांगितलं. हा आमचा टेस्टर, माझ्या कोडमध्ये खुसपटं काढणं हेच त्याचं काम आणि हाच त्याचा छंद. म्हणाला, "माणसं खरं बोलतात असं धरून चाललीयेस."

"बटण दाबण्यात काय खोटं बोलायचंय?"

"बघ बुवा," म्हणाला आणि निघून गेला. या माणसाला वाढदिवसाचा केक दिला तरी आधी उलटा करून बघेल.

सोमवार, १० मार्च

खोटे अलार्म निम्मे मागितले होते, चौथ्या हिश्श्यावर आले! आकडे तीनदा तपासले. खुसपटनेही तपासले, काही सापडलं नाही म्हणून त्याचा चेहरा पडला. तारीखवाल्यांनी कौतुकाने सगळ्यांसमोर उभं केलं. चाळीस घरांत नवीन आवृत्ती आजच चढवली.

आज मी फार खूश आहे. लिहूनच ठेवते, क्वचित होतं.

बुधवार, १२ मार्च

भाऊजींचा फोन – माझे मोठे दीर. दर बुधवारी येतो. एकच प्रश्न. "आई पडली-बिडली नाही ना?"

त्यांना तरी काय बोलायचं! मागच्या वर्षी आईंचं मनगट मोडलं तेव्हा मी ऑफिसात होते, आणि दार तोडून आत गेले ते हेच. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद – "पुन्हा एकदा जरी पडली तरी मी कुणाचं ऐकणार नाही. आमच्याकडे घेऊन येणार. कायमची."

फोन स्पीकरवर होता. आई वर्तमानपत्रामागे. मी म्हटलं, "पट्टा एकदम गप्प आहे, भाऊजी." किती तोऱ्यात म्हटलं मी ते!

फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "थोरल्याचं घर चांगलंय गं. पण तिथे गॅसला हात लावायचा नाही, जिन्याला पाय लावायचा नाही. दिवसभर शोकेसमधल्या बाहुलीसारखं बसायचं. मला अजून स्वतःचा चहा स्वतः करावासा वाटतो."

मी म्हटलं, "तुम्हाला कोण नेतंय?"

शुक्रवार, १४ मार्च

आईंच्या कोपराजवळ काळंनिळं. "कपाटाला लागलं," म्हणाल्या.

"कपाट चालत आलं होतं का?"

"नाही, मीच गेले होते त्याला भेटायला."

हसले आणि सोडून दिलं.

रविवार, १६ मार्च

नीट लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

दुपारी वाळलेले कपडे घेऊन आत येत होते. दारातच होते, हातात बादली. आई खुर्चीतून उठल्या. टेबलाला हात लावला. दोन पावलं टाकली असतील – आणि गुडघाच गेला. टेबलाचा पाय धरून हळूहळू खाली घसरल्या, कोपर आपटलं, आणि जमिनीवर बसल्या. आवाज नाही, किंकाळी नाही. ऑफिसातली पोरं पडतात त्यातलं काहीसुद्धा नाही. एखादी ओली साडी दोरीवरून सरकावी तसं.

आणि मग त्यांनी मनगट वर केलं. पट्ट्याकडे बघत राहिल्या. अंगठा हिरव्या बटणावर तयार. तो विचारणार, या दाबणार – इतकी सवय! पण पट्टा थरथरलाच नाही.

"आज विचारलंच नाही याने," स्वतःशीच म्हणाल्या. जराशा नाराज झाल्यासारख्या.

बादली माझ्या हातातून सुटली. तेव्हा त्यांनी मला पाहिलं.

उचललं. बसवलं. पाणी दिलं. मग विचारलं, "किती वेळा झालंय हे?"

"मोजत बसू का?"

"आणि दर वेळी हिरवं दाबलंत?"

"मग काय लाल दाबून थोरल्याला बोलावू?" माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगायचं नाही. त्याला कळलं तर माझं बोचकं बांधलंच समज. शपथ घे."

मी शपथ घेतली नाही. पण नाहीही म्हटलं नाही. आणि आईंना ते पुरतं.

मला त्यांचा राग आलाय. माझा त्याहून जास्त. पट्टा आज गप्प का बसला हे मला बरोबर माहीत आहे. गेल्या आठवड्यात मीच बसून त्याला शिकवलंय – असं घसरणं म्हणजे बसणं. आईंच्या पडण्यावरूनच शिकवलंय!

सोमवार, १७ मार्च

खुसपटला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. "मी म्हटलं नव्हतं?" असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

विचारलं फक्त, "एकट्या तुझ्याच घरी असेल का हे?"

रात्रभर मला हाच प्रश्न पडला होता. बाकीच्या हिरव्या बटणांमागे काय आहे? मला काय ठाऊक! डेटाला तोंड नसतं. आणि एकतीसला हेच यंत्र सगळ्यांच्या मनगटावर जाणार. पडलेल्या माणसाकडे बघून म्हणणार, बसलंय, बसू द्या.

आईंची नोंद तरी दुरुस्त करावी म्हटलं. तिथे दुसरी मेख! कुणी आकडे सजवू नयेत म्हणून आम्हा लोकांना नोंदींना हात लावता येत नाही. दुरुस्ती करायची ती पट्टा घालणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी, ॲपमधून. "पडल्या होत्या" असं दाबलं की नोंद बदलते – आणि घरच्या सगळ्यांना आपोआप निरोप जातो. आईंच्या ॲपमध्ये घरचे म्हणजे मी, समुद्रावरचा नवरा आणि भाऊजी.

ही निरोपाची सोय कुणी लिहिली? मीच. भाऊजी मागे लागले होते म्हणून. किती कौतुकाने लिहिली होती!

मंगळवार, १८ मार्च

तारीखवाल्यांकडे गेले. घर कुणाचं ते सांगितलं नाही. म्हटलं, एका घरात खरं पडणं हिरव्या बटणाखाली गेलंय, एकतीसची आवृत्ती थांबवा.

"एका घरात?"

"बाकीच्या घरांतही असेल."

"असेल आणि आहे यात फरक आहे ना? फोन करून विचारा त्यांना. आहे म्हणाले तर थांबवतो. नाही म्हणाले तर एकतीस."

चिडायला गेले होते, पण त्यात चुकीचं काय होतं? तोवर चाळीस घरांत जुनी आवृत्ती परत चढवा म्हटलं, ते मात्र लगेच केलं. जीव निम्मा भांड्यात पडला. निम्मा अजून अधांतरी आहे.

आईंना घरी काही बोलले नाही. 

गुरुवार, २० मार्च

दोन दिवस फोन. एकामागून एक. मी अगदी गोड आवाजात – "आपण पट्टा वापरता, आपण कधी पडला होता का?"

"छे छे!"

"मी? अहो, मी अजून पोहतो!"

"पडतील आमचे शत्रू."

"मी पडले असते तर तुमच्या पट्ट्याने सांगितलं नसतं का?"

एक आजोबा, चित्रकलेचे मास्तर होते म्हणे, बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, आता बोलतात. मागून सुनेचा आवाज आला, "कोण आहे हो?" आणि मास्तर म्हणाले, "काही नाही, ठीक आहे सगळं."

सगळं ठीक आहे! चाळीसच्या चाळीस घरं ठणठणीत! तारीखवाल्यांनी खांदे उडवले. फळ्यावर लाल शाईने ३१ लिहिलंय, जाता-येता डोळ्यांत खुपतं.

शुक्रवार, २१ मार्च

संध्याकाळी आई पुन्हा घसरल्या. माझ्यासमोर. जुनी आवृत्ती, त्यामुळे पट्ट्याने इमानदारीने विचारलं. आणि त्यांनी हिरवं दाबलं – माझ्याकडे बघत!

लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतंय – "तुमच्या या बटणावरून मी यंत्राला शिकवलंय, आई! उद्या कुठली तरी आजी बाथरूममध्ये पडून राहील आणि पट्टा म्हणेल, छान बसल्या आहेत! हे तुमचं हिरवं बटण तिच्या मनगटापर्यंत जातं!"

 आई अगदी हळू म्हणाल्या, "मला वाटलं, ते तुझ्या-माझ्यापुरतं आहे. मी फक्त त्या पट्ट्याला गप्प करत होते."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं कुठे होतं कुणाला? मलाच रडू यायला लागलं. त्या उठून चहा ठेवायला गेल्या. मी त्यांच्यामागे उभी राहिले, हात पुढे करून, लहान मूल चालायला लागल्यावर उभं राहतात तशी. "अशी मागे उभी राहिलीस तर मी नक्की पडेन," म्हणाल्या.

शनिवार, २२ मार्च

सकाळी उठते तर आई तयार. चांगली साडी, केस विंचरलेले, टेबलासमोर ताठ बसलेल्या. "तुझ्या त्या ऑफिसच्या फोनवरून मला नंबर लावून दे."

"कुणाचा?"

"काल रात्री सांगितलंस त्या सगळ्यांचे. तू काय विचारलंस त्यांना?"

"आपण कधी पडला होता का."

"असं विचारल्यावर मीसुद्धा नाहीच म्हणेन. तू पोलीस आहेस का?"

आई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आवाज अजून तसाच – साखरेत घोळलेला, पण मध्येच तोडायची हिंमत होणार नाही असा. तारीखवाल्यांना विचारून घेतलं, "चाचणीतल्याच बाई आहेत, बोलू देत" म्हणाले. खुसपट चुका टिपायची वही न आणता घरी आला, नुसता कोपऱ्यात बसला.

पहिला फोन त्या पोहणाऱ्या आजोबांना.

"नमस्कार. मीही तुमच्यासारखाच पट्टा बांधून बसलेय. काल संध्याकाळी पडले. म्हणजे टेबलाला धरून घसरले. तुम्ही कशाला धरता हो?"

 खुसपट खुर्ची पुढे ओढून फोनकडे वाकला.

मग आजोबा म्हणाले, "बेसिनला."

"बेसिन गुळगुळीत असतं."

"हो ना! हात सुटतो. मग दाराच्या कडीला धरतो."

पंधरा मिनिटं बोलत होते दोघं! गुडघे, चपला, कोणती भिंत बरी, उठताना कुठल्या हातावर भार द्यायचा – एखाद्या खेळातले दोन मुरलेले खेळाडू भेटावेत तसे. शेवटी आजोबांनी विचारलं, "तुम्ही घरी सांगितलंत?"

"नाही अजून."

"मीही नाही. मुलगा पोहायला जाऊ देणार नाही."

दुपारपर्यंत हेच. पडतील आमचे शत्रू म्हणणाऱ्या बाई पलंगाच्या दांडीला धरतात. चित्रकलेचे मास्तर सुनेला दळण आणायला पाठवून मग बोलले. ते कशालाच धरत नाहीत, सरळ भिंतीला पाठ लावून खाली येतात. सगळे हळू पडतात. सगळे हिरवं दाबतात. आणि प्रत्येकाला घरचं कुणीतरी आहे ज्याला कळता कामा नये.

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. हे एवढं सगळं मी यंत्राला बसणं म्हणून शिकवलं होतं.

शेवटी खुसपट म्हणाला, "आजी, हे नुसतं बोलून उपयोग नाही. त्यांना ॲपमध्ये दुरुस्ती करावी लागेल. आणि ती केली की त्यांच्या घरी निरोप जाणार."

आई पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "मग त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आधी माझी कर."

"आई, भाऊजींना कळेल."

"मला काय कळत नाही का?"

मी म्हटलं, आज नको. उद्या करू. एक दिवस तरी.

रविवार, २३ मार्च

केली. आई शेजारी बसून एकेक आठवून सांगत होत्या – हे कपाटाजवळचं, हे खिडकीजवळचं, हे तू बाजारात गेली होतीस तेव्हाचं. मी "पडल्या होत्या" दाबत गेले. प्रत्येक वेळी भाऊजींच्या फोनवर निरोप. सगळ्या व्हायच्या आधीच त्यांचा फोन आला. आईंनी उचलला नाही. "येतोच आहे तो," म्हणाल्या आणि मास्तरांना फोन लावला. "मी केलं हो. तुम्ही करताय ना?"

भाऊजी आले ते चपला न काढता आत. मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली ना? तुझ्या घरात, तुझ्या यंत्राच्या नाकाखाली!"  

मग आईंसमोर बसले.  "मागच्या वर्षी दार तोडून आलो तेव्हा तू जमिनीवर होतीस आणि मला म्हणालीस, काही नाही रे, ठीक आहे. हाड बाहेर दिसत होतं, आई. मला अजून झोपेत दिसतं ते."

त्यांच्याविषयी मी मनात जे जे बोलले होते ते सगळं गिळलं.

आईंनी वाद घातला नाही. बॅग भरली. दारात मला म्हणाल्या, "थोडे दिवस गं." आम्हा दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

सोमवार, २४ मार्च

दुरुस्त्या यायला लागल्या. बेसिनवाले आजोबा. पलंगवाल्या आजी. मास्तरांच्या तर इतक्या, की खुसपट म्हणाला, "यांनी भिंतच झिजवली असेल."

तारीखवाल्यांनी फळ्यावरचं ३१ पुसलं. नवीन तारीख लिहिली नाही! ऑफिसातले सगळे फळ्याकडे बघायला आले.

घरी आले. खिडकी बंद. शिंपीणबाईंनी विचारलं, "बाहेर गेल्यात का?" हो म्हटलं. चहा दोन कप टाकला गेला.

बुधवार, २६ मार्च

आज बुधवार, फोन मी केला. भाऊजी आईंना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले होते. रक्तदाबाची गोळी जास्त जोराची होती! उठलं की रक्तदाब एकदम खाली, चक्कर, गुडघा गेलाच. गोळी निम्मी केली. डॉक्टरीणबाई भडकल्या म्हणे – "पडता हे मला आधी का नाही सांगितलं?" आईंनी काय सांगितलं असेल ते मी न ऐकताच सांगू शकते.

म्हटलं, "भाऊजी, आता चक्कर थांबली तर इकडे पाठवा. मी घरूनच काम करीन, ऑफिसात विचारून ठेवलंय."

"बघू."

आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

रविवार, ३० मार्च

आईंशी बोलले. "इथे सगळं छान आहे," म्हणाल्या – एक्स्चेंजच्या आवाजात. माझ्याशी त्या आवाजात त्या कधी बोलत नाहीत. 

गुरुवार, ३ एप्रिल

खऱ्या नोंदींवरून नवीन आवृत्ती शिकवून झाली. चाचणीच्या घरांत चढली, आईंच्या पट्ट्यातही. त्यांना फोनवर सांगितलं तर किती बारीक चौकशा! "हळू घसरलेलंही कळतं आता? पलंगाला धरून? आणि काहीच बटण नाही दाबलं तर तुला लगेच कळतं ना?" गेल्या बारा दिवसांत एकदाही पडल्या नाहीत म्हणे. मी हरखून सगळं समजावून सांगितलं. कामाबद्दल असं विचारणारं घरात आता कुणी नाही.

रविवार, ६ एप्रिल

दुपारी फोन बोंबलला – आई पडल्या! ना हिरवं, ना लाल. भाऊजी फोन उचलेनात, जाऊबाई उचलेनात. टॅक्सीत जीव मुठीत धरून बसले, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दार भाऊजींनीच उघडलं. "तू? काय झालं?" टीव्ही मोठ्याने चालू, फोन सोफ्याच्या फटीत. शेजारच्याच खोलीत आई जमिनीवर, पलंगाला टेकून. भाऊजींच्या तोंडाकडे बघवेना. "शेजारच्या खोलीत होतो गं मी," म्हणाले आणि थोड्या वेळाने स्वतःच आईंची बॅग भरायला लागले.

येताना टॅक्सीत मी विचारलं, "आई, चष्मा घडी करून टेबलावर ठेवलेला होता. चपला जोडीने लावलेल्या होत्या. खरंच पडलात?"

"मला काय विचारतेस? तुझा पट्टा काय म्हणतो?"

ॲपमध्ये प्रश्न अजून उघडाच होता. पडल्या होत्या का – हो, नाही. मी हो दाबलं.